काका, ह्या तंगुसाचे एवढे पैसे कशाला?

मागच्या अंकात बास माशाबद्दल लिहिताना मी एका वाक्यात म्हणून गेलो की माझ्याकडच्या चार रॉडपैकी तिघांवर फ्लुरोकार्बन लाइन असते आणि चौथ्यावर ती मी कधीच लावणार नाही. का, ते लिहायचं राहूनच गेलं. झालं, ह्या महिन्याची सगळी पत्रं त्याच्यावर. बरं वाटलं, म्हणजे लोक वाचतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फ्लुरोकार्बन म्हणजे गळाची दोरी, आपल्याकडे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात त्याचाच एक महागडा जपानी चुलतभाऊ. पुढे मी नुसतं फ्लुरो म्हणणार आहे, सारखं पूर्ण नाव टाइप करायचा कंटाळा येतो.

प्रश्न : नमस्कार काका. माझ्या ११ वर्षांच्या मुलाला व्हिडिओ बघून बघून बास फिशिंगचं वेड लागलंय. दुकानात गेलो तर लाइनची अख्खी भिंत! ८ पाउंड, १२, १७, २०, आणि किंमत १२ डॉलरपासून पार ४० पर्यंत. दोघांकडे एकेक बेटकास्टर रील आहे (अंगठ्याने दोरी आवरायची ती), रबरी वर्म आणि थोडे क्रँकबेट (ओढले की बुडी मारणारे खोटे मासे) आहेत. आम्ही लुइसविल लेक आणि रे रॉबर्ट्सला जातो. प्लीज एकच नाव सांगा, गोंधळ नको. (प्लेनो, टेक्सास)

एकच पाहिजे ना, मग १५ पाउंडाचं, म्हणजे साधारण १५ पाउंडांची ओढ सोसणारं, फ्लुरो घ्या, मधल्या किमतीचं, २०० यार्डांचं स्पूल. पण ते तुमच्या रीलवर. मुलाच्या रीलवर नको! त्याला साधं १२ पाउंडाचं नायलॉन भरून द्या, सगळ्यात स्वस्त मिळेल ते. ११ वर्षांचं पोरगं बेटकास्टर शिकतंय म्हणजे दर चौथ्या कास्टला रीलमध्ये चिमणीचं घरटं होणार, तुम्ही दोघं खाली मान घालून ते सोडवत बसणार, आणि फ्लुरोचं असं आहे की त्याला एकदा घट्ट मुडप पडली की ती जागा कायमची कमजोर. वरून सरळ केल्यासारखी दिसते पण नेमका मोठा मासा लागला की तिथेच तुटते. नायलॉन बिचारं सोसतं. एक सीझन जाऊ दे, अंगठा बसला की मग त्याला फ्लुरो द्या.

आता १५च का. तुम्ही ज्या दोन लेकची नावं घेतलीत तिथे पाण्याखाली मेलेली झाडं उभी आहेत, दगड आहेत, आणि त्याच्यावर कडी म्हणजे झेब्रा शिंपले. हा नखाएवढा परदेशी शिंपला टेक्सासमध्ये पहिल्यांदा २००९ साली लेक टेक्सोमाला सापडला आणि २०१२ला रे रॉबर्ट्समध्ये. तिथून खालचं लेक म्हणजे लुइसविलच. बुडलेल्या फांदीवर, दगडावर, धक्क्याच्या खांबावर हे थरच्या थर बसतात आणि कडा अशा की हात फिरवलात तर रक्त. लाइन त्याच्यावरून दोनदा घासली की सालपटं निघतात. नायलॉनला पाण्यात राहून राहून पाणी लागतं, ते मऊ पडतं आणि ताकद थोडी उतरते. फ्लुरो पाणी पीतच नाही. सकाळी सहाला जेवढं कडक असतं तेवढंच दुपारी बाराला. लोक ‘दिसत नाही, दिसत नाही’ म्हणून फ्लुरो घेतात, मी ह्या दोन गोष्टींसाठी घेतो, घासण्याला टिकतं आणि बुडतं.

बुडण्याचं नीट समजून घ्या, कारण कुठल्या ल्यूरला, म्हणजे खोट्या आमिषाला, कुठली लाइन हे सगळं तिथूनच येतं. पाण्याची घनता १ धरा, तर नायलॉन साधारण १.१४, म्हणजे बुडतं पण आळसात. वेणीची लाइन, ज्याला ब्रेड म्हणतात, ती ०.९७, म्हणजे तरंगते. आणि फ्लुरो १.७८! ते सरळ खाली जातं. त्यामुळे टेक्सास रिग, म्हणजे पुढे बंदुकीच्या गोळीसारखं वजन आणि मागे वर्म, हुकचं टोक वर्मच्या पोटात लपवलेलं, हे तळावर ओढताना लाइनचा झोल पाण्यात वर तरंगत नाही, रॉडच्या टोकापासून वर्मपर्यंत त्यातल्या त्यात सरळ राहते. बासने वर्म तोंडात घेऊन नुसतं ‘टक’ केलं तरी हाताला कळतं. त्याच्यासाठी १५ ते १७ पाउंड. झाडाच्या फांद्यांत जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा हुक, सोडायचं असेल तर २०. उलट क्रँकबेट खोल जायला पाहिजे असतो आणि जाड लाइन पाण्यात त्याला मागे धरते, म्हणून तिथे १० किंवा १२. तोच क्रँकबेट तेवढाच लांब टाकून १०च्या लाइनवर २०पेक्षा एखाद-दोन फूट सहज खोल जातो आणि कधी कधी त्या दोन फुटांतच मासे असतात. जर्कबेटला, म्हणजे झटके देत ओढायच्या खोट्या माशाला, १०. तुम्हाला एकाच रीलवर वर्म आणि क्रँक दोन्ही ओढायचेत म्हणून मधलं १५ सांगितलं. क्रँक थोडा कमी खोल जाईल, जाऊ दे.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, डब्यावर ‘१००% फ्लुरोकार्बन’ लिहिलंय का. काही डब्यांवर फ्लुरो हा शब्द मोठ्ठा आणि खाली बारीक अक्षरात ‘कोटेड’, म्हणजे आत नायलॉनच, वरून मुलामा. ते वाईट असतं असं नाही, पण तो फ्लुरो नव्हे आणि फ्लुरोसारखं वागतही नाही. दुसरं, पाउंडाच्या आकड्याबरोबर जाडी वाचा. एका कंपनीचं १२ आणि दुसऱ्या कंपनीचं १५ एकाच जाडीचं निघू शकतं, मग पहिली कंपनी ताकद कमी सांगते की दुसरी जास्त सांगते हे तुम्हीच ठरवा. जपानी लोक सरळ जाडीचाच नंबर देतात, त्यांचा ३ नंबर म्हणजे ०.२८५ मिलीमीटर, ४ नंबर म्हणजे ०.३३०. भांडणच नाही.

नाव हवंच असेल तर सीगारचं इनव्हिझएक्स मऊ आहे, नवीन माणसाला रीलवर त्रास देत नाही. त्यांचंच ॲब्राझएक्स घासण्याला जास्त टिकाऊ पण जरा ताठ. सनलाइनचं स्नायपर पण छान. ४० डॉलरवालं आत्ता नको.

आणि हो, मुलाला १७ वर्षांचा होईपर्यंत टेक्सासमध्ये लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागतं. ‘मी फक्त त्याची रॉड धरली होती’ हे गेम वॉर्डनला, म्हणजे लायसन्स तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगून बघा.

प्रश्न : फ्लुरोकार्बन पाण्यात अदृश्य होतं हे खरं आहे की मार्केटिंग? (एडिसन, न्यू जर्सी)

अर्धं अर्धं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, त्यात एक तुकडा फ्लुरोचा आणि एक नायलॉनचा सोडा, खिडकीजवळ धरा. दोन्ही दिसतील. फ्लुरो जरा कमी दिसेल, बस. कारण असं की उजेड पाण्यातून लाइनमध्ये शिरताना जेवढा जास्त वाकेल तेवढी लाइन डोळ्यात भरते. पाण्याचा वक्रीभवनाचा आकडा १.३३, फ्लुरोचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३च्या आसपास. म्हणजे फ्लुरो पाण्याच्या जवळ आहे, पाणी नाही. अदृश्य वगैरे डब्यावर लिहायला ठीक.

हे निघालं मुळात जपानमध्ये, कुरेहा नावाच्या कंपनीने १९७१ साली सीगार ह्या नावाने आणलं, ते अमेरिकन बाससाठी नव्हे, समुद्रातल्या लाजऱ्या माशांसाठी लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या पुढे हुकाकडे जोडायचा तुकडा, म्हणून. पदार्थाचं नाव पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड, दात पडतील म्हणताना. तुमच्या फोनच्या लिथियम बॅटरीत आतली पावडर चिकटवून धरायला हाच पदार्थ वापरतात. एडिसनचे वाचक म्हणून सांगितलं, तुमच्यात निम्मे इंजिनियर असणार.

जिथे पाणी स्वच्छ, ऊन कडक आणि मासा आळशी, तिथे ह्या कमी दिसण्याचा फायदा नक्की होतो. पाऊस पडून चहासारखं झालेल्या पाण्यात त्याचे पैसे देऊ नका.

प्रश्न : तुमचं ऐकून सगळ्या रीलवर फ्लुरो भरलं आणि आता माझा पॉपर (पाण्यावर ‘ब्लूप’ आवाज करणारा ल्यूर) धड चालतच नाही. होपॅटकाँग लेकला पहाटे गेलो, पॉपर ‘ब्लूप’ करायच्या ऐवजी नाक खुपसून पाण्यात जातो. मित्राचा तसलाच पॉपर मस्त चालला होता आणि दोन मासे पण काढले त्याने. (पार्सिपनी, न्यू जर्सी)

अरे बाबा, सगळ्या रीलवर कोणी सांगितलं! तीच ती माझी चौथी रॉड. वरच्या उत्तरात १.७८ लिहिलंय बघ, तुझी लाइन पॉपरच्या पुढे बुडते आणि त्याचं नाक खाली ओढते, त्याने ब्लूप करायचं तरी कसं. पाण्यावर चालणाऱ्या कुठल्याही ल्यूरला नायलॉन लाव, १५ पाउंड, किंवा ३० पाउंडाचं ब्रेड आणि पुढे दीड-दोन फूट जाड नायलॉन म्हणजे लाइन हुकात अडकत नाही. आणि बेडूक, तो पोकळ रबराचा, पाणवनस्पतींच्या गालिच्यावरून ओढायचा असेल तर सरळ ५० किंवा ६५ पाउंडाचं ब्रेड, लीडर वगैरे काही नको, कारण तिथे माशाबरोबर पाच किलो शेवाळ पण ओढून काढायचं असतं.

मित्राला एक चहा पाज आणि विचार त्याच्या रीलवर काय होतं. नायलॉन निघेल, पैज.

प्रश्न : ह्या सीझनमध्ये तीन मोठे मासे तुटून गेले. लाइन १७ पाउंडाची, महाग, नवीन. तिन्ही वेळा हुक सेट करतानाच (रॉड झटकून हुक माशाच्या तोंडात रुतवताना) फट्. डिफेक्टिव्ह स्पूल आहे का? कंपनीला लिहू का? (ह्यूस्टन)

लिहायच्या आधी मला हे सांगा की तुटलेलं टोक बघितलंत का? बहुतेक जण शिव्या देतात, टोक कापून टाकतात आणि नवीन ल्यूर बांधायला घेतात. तिथे पंचनामा करायचा असतो. टोक डुकराच्या शेपटीसारखं गोल वळलेलं असेल तर गाठ सरकली आणि सरकता सरकता तुटली, म्हणजे चूक बांधणाऱ्याची. टोकाच्या आधीचे दोन-चार इंच खरबरीत, पांढुरके, सालपट निघाल्यासारखे असतील तर ती कशावर तरी घासली होती आणि तुम्ही तपासली नाही, तरीही चूक बांधणाऱ्याची. गाठीपासून लांब, मध्येच कुठेतरी तुटली असेल तर जुनी मुडप. स्पूल खराब निघणं म्हणजे क्वचित हो. हुक सेट करतानाच तीनदा फट् म्हणताय, मी तुमच्या गाठीवर पैसे लावतो.

माझंच सांगतो. फ्लुरो वापरायच्या पहिल्या वर्षी मी अंजर्ल्याच्या खाडीवर आजोबांनी शिकवलेली गाठ बांधायचो, पाच वेढे, टोक लूपमधून, आणि मग दातात टोक धरून खस्सकन ओढायचं. तंगुसाला चालायची, चाळीस वर्षं चालली. फ्लुरोला मारली आणि लेक फोर्कला बोटीच्या कडेपर्यंत आलेला मासा माझ्याकडे बघत बघत खाली गेला. (लेक फोर्क म्हणजे जिथून १९९२ साली टेक्सासचा रेकॉर्ड बास निघाला, १८.१८ पाउंडांचा. माझा तेवढा नव्हता. पण दर दिवाळीला सांगताना थोडा वाढतो.) टोक बघितलं, डुकराची शेपटी.

होतं काय, तर फ्लुरो कडक असतं. खस्सकन ओढलं की वेढे एकमेकांवर घासून तापतात आणि त्या तापाने तिथली लाइन भाजते. भिंग लावून बघा, भाजलेल्या जागी लाइन पारदर्शक राहत नाही, दुधाळ होते, कधी बारीक सुरकुत्या दिसतात. नवी कोरी १७ पाउंडाची लाइन, पण त्या गाठीत उरले आठ-नऊ पाउंड. म्हणून गाठ सैल बांधून झाली की आधी ओली करायची, थुंकीने केली तरी चालेल, सगळे तेच करतात. मग हळू, एका दमात, सावकाश आवळायची. अर्धी आवळून थांबून परत झटका असं नाही. वेढे एकाशेजारी एक पोळीच्या पदरासारखे बसले पाहिजेत, एकावर एक चढले असतील तर कापा आणि परत बांधा. आवळल्यावर दोन्ही हातांनी खेचून बघा, चांगलं जोर लावून. तुटायचीच असेल तर आत्ता तुटू दे, नंतर माशाच्या तोंडात तुटण्यापेक्षा.

कुठली गाठ? पालोमार बांधा, सोपी आहे, फक्त लूप ल्यूरवरून खाली उतरवताना दोन दोऱ्या एकमेकींवरून आडव्या जाऊ देऊ नका. जाड लाइनला मला सॅन डिएगो जॅम जास्त आवडते. एकच गाठ घ्या आणि टीव्ही बघता बघता शंभरदा बांधा, दहा गाठी अर्ध्या येऊन उपयोग नाही.

आणि प्रत्येक मासा काढल्यावर, प्रत्येक वेळा अडकून सोडवल्यावर शेवटचे तीन फूट ओठांतून किंवा नखावरून फिरवा. बोटाच्या कातड्याला न कळणारी खरोच ओठाला कळते. जरा खरखर लागली की कापा. मी अर्ध्या दिवसात पाच-सहा वेळा बांधतो, बरोबरचा माणूस वैतागतो, वैतागू दे.

अजून एक. ‘फ्लुरो ताणत नाही’ असं म्हणतात ते चूक आहे. ताणतं, जोर लावला तर जवळजवळ नायलॉनएवढं ताणतं. फरक एवढाच की नायलॉन परत मूळ लांबीवर येतं आणि फ्लुरो हद्दीबाहेर ताणलं की येत नाही, ढिलं आणि कमजोर राहतं. त्यामुळे ल्यूर फांदीत अडकला की रॉड वाकवून वाकवून ओढू नका. लाइन एका लाकडी दांडक्याला गुंडाळा, सरळ रेषेत ओढा, सुटलं तर सुटलं, आणि मग वीस-एक फूट कापून फेका. जीवावर येतं, पण कापा.

प्रश्न : स्पिनिंग रीलवर ८ पाउंडाचं फ्लुरो भरलं, कास्ट केलं की स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या सुटतात. एकाने सांगितलं स्पूल रात्रभर पाण्यात भिजत ठेव. ठेवलं, काहीच फरक नाही. लेक सेंट क्लेअरला स्मॉलमाउथसाठी (बासचाच एक प्रकार) वापरायचंय. (मिशिगन)

पाण्यात भिजवणं हा नायलॉनचा उपाय आहे, ते पाणी पितं आणि मऊ होतं. फ्लुरो पाणी पीत नाही हे आत्ताच सांगितलं, त्याला रात्रभर काय आणि चातुर्मासभर काय. लाइन कंडिशनरचा स्प्रे मिळतो, आदल्या रात्री मारून ठेवला की थोडं वळणावर येतं. पण माझं मत विचाराल तर स्पिनिंग रीलवर पूर्ण फ्लुरो भरूच नका. १० किंवा १५ पाउंडाचं ब्रेड भरा, ते धाग्यासारखं मऊ, गुंडाळ्या नाहीत, आणि पुढे ८ पाउंडाचा फ्लुरो लीडर, साधारण रॉडच्या लांबीएवढा. पाणी फारच नितळ असलं तर ६. सेंट क्लेअरचं पाणी तर त्याच झेब्रा शिंपल्यांनी गाळून गाळून आरशासारखं केलंय, तिथे ड्रॉपशॉट किंवा नेड रिग, ह्या छोट्या रबरी आमिषाच्या मांडण्या, खाली सोडताना फ्लुरोच्या कमी दिसण्याचे पैसे खरंच वसूल होतात.

जोडायला डबल युनी गाठ. एफजी नॉट जास्त बारीक बसते आणि गाइडमधून, म्हणजे रॉडवरच्या कड्यांतून, सर्रकन जाते हे मान्य, पण थंडीत, बोट हलत असताना, चष्मा वर कपाळावर, तुम्हाला ती जमणार नाही. मला जमत नाही. घरून दोन-तीन बांधून न्या.

प्रश्न : मी दापोलीजवळ राहतो, खाडीत जिताड्यासाठी ल्यूर टाकतो. इकडे पण ऑनलाइन फ्लुरोकार्बन मिळतं पण महाग. तुमचं बासचं गणित जिताड्याला लागू पडेल का? आणि एक मित्र म्हणतो की अमेरिकन बासची पिल्लं आणून शेततळ्यात सोडूया, मजा येईल. तुमचं मत? (दापोली)

तुमचं पत्र वाचून नाकात खाडीचा वास आला हो. आधी दुसऱ्याचं सांगतो, मित्राला म्हणावं अजिबात नको. जपानने १९२५ साली हाच बास हौसेने अमेरिकेतून आणून आशी तलावात सोडला. तिथून तो देशभर पसरला आणि त्याने स्थानिक मासे फस्त करायला सुरुवात केली. आता तिथे २००५ पासून कायदा आहे, जिवंत बास इकडून तिकडे नेणं गुन्हा, आणि बिवा तलावात तर धरलेला बास परत सोडायलाच बंदी. गंमत अशी की त्याच बिवा तलावातून मानाबू कुरिता ह्या माणसाने २ जुलै २००९ला २२ पाउंड ४.९७ औंसाचा बास काढला आणि अमेरिकेतल्या जॉर्ज पेरीच्या १९३२च्या जागतिक रेकॉर्डची बरोबरी केली. ल्यूरवर नाही बरं का, जिवंत ब्लूगिल माशावर. शेततळं पावसात भरून वाहतं, पुढे ओढा, पुढे नदी, मग पिल्लं परत गोळा करता येत नाहीत. आणि जिताडा असताना बास पाहिजे कशाला! अलिबाग-पेणकडे विचारा जिताड्याची किंमत, जावयाला वाढायचा मासा तो.

आता लाइन. बासचं गणित थोडं लागू पडतं, थोडं नाही. आपली खाडी गढूळ, त्यामुळे दिसण्या-न दिसण्याचा प्रश्नच नाही, त्याच्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका. प्रश्न आहे घासण्याचा. दगडावर, धक्क्यावर कालवं, कांदळवनाची मुळं, आणि खुद्द जिताड्याच्या गालफडाची कड, ब्लेडसारखी. शिवाय तो उडी मारून डोकं असं झटकतो की लाइन बरोबर त्या कडेवर येते. तोंड आतून कानशीसारखं खरखरीत. तेव्हा रीलवर ३० पाउंडाचं ब्रेड आणि पुढे तीन-चार फूट ४० ते ५० पाउंडाचा लीडर. फ्लुरो परवडत असेल तर लीडरपुरतं छोटं स्पूल घ्या, अख्खं रील भरायची काहीच गरज नाही, त्या एका स्पूलवर तुमचे दोन पावसाळे जातील. नसेल परवडत तर तेवढ्याच जाडीचं चांगलं कडक तंगूस लावा, फक्त जास्त वेळा तपासा आणि जास्त वेळा बदला. आमचे आजोबा तंगुसावरच गरवायचे आणि आम्ही उपाशी राहिलो नाही.

रबरी शॅड, म्हणजे मऊ खोटा मासा, तळाजवळून ओढणार असाल तर फ्लुरो लीडर छान, तो खाली राहतो. पाण्यावर तरंगणारा मिनो, तोही खोटा मासाच, असेल तर तंगूसच बरं, वर पार्सिपनीच्या पोराला सांगितलं तेच कारण. एवढ्या जाड फ्लुरोला गाठ आवळायला पक्कड लागते, हाताने आवळू नका, बोट कापतं. मागच्या वेळी घरी आलो होतो तेव्हा मी कापून घेतलं, आईने हळद लावली, वर तिची बोलणी पण मी खाल्ली. खूप मोठा जिताडा लागला तर शक्यतो सोडा, मोठ्या सगळ्या माद्या असतात. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो.

प्रश्न : काका, माझा नवरा काल ४० डॉलरची दोरी घेऊन आला. दोरी! तुमच्या लेखाचं कात्रण दाखवतोय मला. ही दर महिन्याला लागते का, आणि ह्यात काही बचत होऊ शकते का? (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

ताई, माफ करा, मी ४० डॉलरची सांगितली नव्हती. कात्रण परत वाचायला सांगा त्याला.

बचत होते. रीलवर दीडशे यार्ड दोरी मावते पण माणूस टाकून टाकून किती लांब टाकणार, चाळीस यार्ड, फार तर पन्नास. खालची शंभर यार्ड कधी उजेड पण बघत नाही. तेव्हा खाली साधं नायलॉन अर्धं भरायचं, वर फ्लुरो ६०-७० यार्ड, मध्ये डबल युनी. असं केलं की २०० यार्डांचं एक स्पूल तीनदा भरता येतं. त्याच्या रीलच्या आत नायलॉन आहे हे मित्रांना कळणार पण नाही.

टिकतं पण बऱ्यापैकी. नायलॉन उन्हाने खराब होतं, फ्लुरोला ऊन फारसं लागत नाही. गॅरेजमध्ये वर्षभर पडलेलं स्पूल चांगलं निघतं. रीलवरचं मात्र दर शनिवारी-रविवारी जाणाऱ्याने दोन-तीन महिन्यांनी बदलावं, तुमचे हे महिन्यातून एकदा जात असतील तर सीझनला एकदा पुरे.

आणि तुम्हाला एक काम देतो. बदललेली जुनी दोरी तो नक्की लेकच्या काठावरच्या डब्यात गुंडाळी करून टाकत असणार, किंवा त्याहून वाईट म्हणजे गवतात. हे प्लास्टिक कुजत नाही, आणि गुंडाळीत बगळ्याचा पाय अडकला की तो तिथेच मरतो. घरी आणायला लावा, कात्रीने वीत-वीतभर तुकडे करा आणि मग कचऱ्यात. तुकडे करताना ४० डॉलरचा विषय काढायला हरकत नाही.